‘हप्ता किरायेदार भरतो’ म्हणे!

आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि धाकट्या दिरांनी फोन माझ्यापुढे धरला. “वहिनी, हे जरा वाचा. तुमचा पुण्यात वाकडला फ्लॅट आहेच, तेव्हा तुम्हीच सांगा.” तो मेसेज त्या आठवड्यात मला चौथ्यांदा दिसत होता. एकदा तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला होता. मजकूर असा:

“इंदूरच्या बायपासवर प्लॉट घेऊन पैसा पडीक ठेवू नका, पुण्यात टू बीएचके घ्या! १) हप्ता किरायेदार भरतो. २) होमलोनचं सगळं व्याज टॅक्समधून वजा. ३) एजन्सी सगळं बघते, एकदाही जावं लागत नाही. ४) नोटरीकडून ११ महिन्यांचा करार केला की काम झालं. ५) बांधकाम चालू असतानाच बुक करा, ताबा मिळेपर्यंत बिल्डर भाडं देतो. ६) पुण्यात दहा वर्षांत पैसे दुप्पट, भाव कधीच पडत नाहीत.” खाली जोडलेले हात.

आम्ही राहतो इंदूरला. आमचा वाकडचा फ्लॅट २०१६ पासून आहे आणि तो घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगते, नाहीतर घरात मला नकारघंटा म्हणायला सगळे टपलेलेच असतात. पण त्या फ्लॅटचा पै-पैचा हिशेब माझ्या वहीत आहे आणि वही काही या मेसेजशी जुळत नाही. मेसेजमधली बरीचशी विधानं पुण्यात राहून पुण्यातच दुसरा फ्लॅट घेणाऱ्याच्या तोंडी अर्धीमुर्धी तरी शोभतील. इंदूरहून घेणाऱ्याला ती तशीच्या तशी चिकटवलीत की मधलं अंतर हिशेबातून गळून पडतं.

पहिला मुद्दा, हप्त्याचा. दिरांना आवडलेला फ्लॅट ७० लाखांचा होता आणि दलाल २२,००० भाडं सांगत होता. तोच आकडा धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाही. म्हणजे कर्ज ५६ लाख. घरचे १४ लाख. त्यावर पुण्यातलं ७ टक्के मुद्रांक शुल्क ४ लाख ९० हजार (घर बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर एक टक्का कमी, हे भाऊजींना दोनदा सांगितलं), शिवाय नोंदणीचे ३० हजार. एकूण १९ लाख २० हजार रोख गेले आणि अजून कुलूपही उघडलेलं नाही.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता येतो साधारण ४८,६००. भाडं २२,०००. किरायेदार हप्ता भरतो म्हणणाऱ्याला मला एवढंच विचारायचंय की कोणत्या गणिताने? बरं, हे २२,००० सुद्धा हातात पडत नाहीत. वर्षातला एक महिना रिकामा धरा, धरावाच लागतो, तर वर्षाचे २,४२,००० होतात. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३,००० म्हणजे ३६,००० गेला, महापालिकेचा कर १२,०००, दलालाचं एक भाडं २२,०००, रंगरंगोटी, गीझर, नळ असलं काहीबाही १५,०००. उरले १,५७,०००, म्हणजे महिन्याला तेरा हजार. हप्त्यातले साडेपस्तीस हजार तुमच्या पगारातून किंवा पेन्शनीतून. आणि ते १९ लाख २० हजार सात टक्क्यांच्या एफडीत असते तर महिन्याला ११,२०० व्याज आलं असतं, तेही गेलं.

भाडं वाढत जाईल की, असं दीर म्हणाले. वाढेल. दरवर्षी पाच टक्के वाढलं, खंड पडला नाही आणि व्याजदरही हलला नाही, तर अठराव्या वर्षी भाडं हप्त्याला गाठतं. कर्जच वीस वर्षांचं आहे.

दुसरा मुद्दा, कराचा. याचा उगम मला कळतो, कारण एकेकाळी हे खरं होतं. भाड्याने दिलेल्या घराचं सगळं व्याज वजा होऊन जो तोटा दिसेल तो पूर्ण पगारातून वळता करता यायचा. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून त्यावर २ लाखांची मर्यादा आली. उरलेला तोटा पुढची आठ वर्षं नेता येतो, पण फक्त घरभाड्याच्या उत्पन्नासमोर. हे झालं जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत, जी आता आपोआप लागू होते, व्याज भाड्याच्या उत्पन्नापुरतंच वजा होतं. तोटा पगाराला लावता येत नाही आणि पुढेही नेता येत नाही. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज ४ लाख ७० हजारांच्या वर जातं. नगरपालिका कर आणि ३० टक्क्यांची ठरावीक वजावट काढली की भाड्याचं करपात्र उत्पन्न उरतं १,६१,०००. बाकीचं तीन लाखांहून जास्त व्याज नव्या पद्धतीत सरळ वाया. दीर नव्या पद्धतीतच आहेत. त्यांच्या सीएने हे त्यांना सांगितलं नव्हतं, कारण यांनी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या मुद्द्यावर मी थोडी जास्त बोलेन, कारण तिथे मी पोळले आहे.

आम्हीही एजन्सी नेमली होती. वर्षाला एका महिन्याचं भाडं हा तिचा मोबदला. किरायेदार शोधणं, करार, चाव्या, तक्रारी, सगळं त्यांच्याकडे. पहिली दोन वर्षं छान गेली. २०१८ च्या पावसाळ्यात फोनवर फोटो आला: आमच्या खालच्या फ्लॅटच्या छताला ओल, पोपडे सुटलेले. सोबत कोटेशन, अठ्ठेचाळीस हजारांचं. “मॅडम, पूर्ण बाथरूम फोडावं लागेल, वॉटरप्रूफिंग गेलंय.” सहाशे किलोमीटरवरून फोटोत काय समजणार? आमच्या यांनी पैसे पाठवायला मोबाइल हातात घेतलाच होता. मी म्हटलं, थांबा, मी जाऊन येते.

संध्याकाळची स्लीपर, सेंधव्याच्या घाटात झोपमोड, सकाळी पुणे. वॉचमनच्या ओळखीचा प्लंबर आणला. त्याने बाथरूमच्या फरशीवर पाणी ओतलं, खालच्यांच्या छताकडे बघून आला आणि म्हणाला, “ताई, नहाणी ट्रॅपचा, फरशीखालच्या सांडपाण्याच्या जाळीचा, सांधा सुटलाय.” दोन फरशा काढल्या, ट्रॅप बदलला, मजुरीसकट ४,२०० रुपये. एजन्सी लबाडच होती असं मी म्हणणार नाही. फोडकामाचा ठेकेदार त्यांचा होता, पैसे माझे होते आणि समोर उभं राहून विचारणारं कोणी नव्हतं. कोटेशन फुगायला एवढं पुरतं. जाण्यायेण्याचा खर्च आणि तीन दिवस मी वहीत मांडले आहेत. त्या वर्षी मेंटेनन्सच्या बिलात बिनभोगवटा शुल्कही जादा लागलेलं होतं, ते समोर बसूनच लक्षात आलं. मालकाने घर भाड्याने दिलं असेल तर गृहनिर्माण सोसायटी हे शुल्क लावू शकते, पण २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. आदेशाची प्रत दाखवली, पुढच्या बिलात दुरुस्ती आली. इंदूरहून मी ते बिल दीड वर्ष निमूट भरत होते!

एजन्सी आम्ही सोडली. आता चावी समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंकडे असते आणि दिवाळीला त्यांच्याकडे इथली लौंग शेव जाते. हा काही धंद्याचा नमुना नव्हे, मान्य. पण पुण्यात आपलं म्हणावं असं, हाकेच्या अंतरावरचं एक माणूस असल्याशिवाय मी कोणालाही घे म्हणणार नाही. मुलगा-मुलगी नोकरीला तिथे असतील तर सगळा प्रश्नच बदलतो.

चौथा मुद्दा सगळ्यात घातक. नोटरीकडचा ११ महिन्यांचा किरायानामा ही आपली इकडची सवय. आपण पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतो आणि कपाटात टाकतो. बारा महिन्यांच्या आतल्या भाडेपट्ट्याची नोंदणी केंद्राच्या कायद्याने सक्तीची नाही, त्यावरून ही अकरा महिन्यांची युक्ती निघाली. पण भाड्याचा कायदा राज्याराज्याचा वेगळा असतो. आपल्याकडे मध्य प्रदेशचा १९६१ चा कायदा, तिकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तो म्हणाला भाडं बारा हजार ठरलं होतं, तर बसा इंदूरमध्ये कपाळाला हात लावून.

आणि हे सगळं वाचवायचं कशासाठी? २२,००० भाडं आणि पन्नास हजार डिपॉझिट असलेल्या ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला (तिकडे भाडेकरार याच नावाने होतो) मुद्रांक शुल्क पाव टक्का, सहा-सातशे रुपये. नोंदणी शहरात १,०००. आधार आणि अंगठ्याच्या यंत्रावर काम ऑनलाइन होतं, दुय्यम निबंधकाच्या दारात रांग लावावी लागत नाही. तो कागद हातात असला की मुदत संपल्यावरही न हलणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्यापुढे नेता येतं आणि राहील तेवढ्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवायची, हे मात्र विसरू नका.

इथे आमच्या सासूबाईंनी मध्येच तोंड घातलं. “पण कूळ लागलं तर?” या भीतीला घरचा इतिहास आहे. सासऱ्यांच्या आजोबांची वाईकडे जमीन होती. कुटुंब इंदूरला, जमीन कसणारा तिकडे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी ती कसणाऱ्याची झाली. झालं ते योग्यच झालं असं माझं मत, ते मी सासूबाईंसमोर बोलत नाही. पण कूळ कायदा शेतजमिनीचा. फ्लॅटला कूळ लागत नाही. ‘बारा वर्षं राहिला की किरायेदार मालक होतो’ हा दुसरा मेसेजही तितकाच पोकळ. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा विरोधी ताबा, म्हणजे मालकाचा हक्क झुगारून घेतलेला ताबा, ठरत नाही. तेव्हा भीती नको, कागद हवा.

पाचवा मुद्दा. चालू बांधकामाच्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर नाही. ७० लाखांवर साडेतीन लाख. शिवाय ताबा मिळेपर्यंत बँकेचं व्याज सुरू आणि भाडं शून्य. राहिलं बिल्डरचं ‘खात्रीचं भाडं’. तो ते कुठून देणार? तुम्ही दिलेल्या किमतीतूनच. आमच्या ओळखीच्या एकांना असे सात महिने चेक आले, आठव्या महिन्यापासून ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. चालू बांधकाम घ्यायचंच असेल तर आधी महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या बांधकाम नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. ताब्याची कबूल केलेली तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली आणि चालू असलेले खटले फुकट दिसतात. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेताच येत नाही. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, बघा. इंदूरला आपण टीएनसी (नगररचना खात्याची मंजुरी) आणि डायव्हर्शन (जमीन बिगरशेती झाल्याचा कागद) विचारतो, तिथले लोक हे विचारतात.

सहाव्याला फार वेळ नको. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला ७.२ टक्के, काही आकाशाला हात नव्हे. त्यातूनही सुरुवातीचं ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि विकताना नफ्यावरचा साडेबारा टक्के कर जातो. आणि भाव पडत नाहीत म्हणता, तर २०२० मध्ये आयटीवाले लॅपटॉप घेऊन गावी गेले तेव्हा आमचा फ्लॅट सात महिने रिकामा होता, वहीत सात ओळी कोऱ्या आहेत. मेंटेनन्स चालूच. त्या वर्षी विकायला काढला असता तर २०१६ चाच भाव मिळत होता, दोन दलालांनी तोंडावर सांगितलं.

भाऊजींनी टोकनचे एक्कावन्न हजार अजून दिलेले नाहीत. शुक्रवारच्या बसचं तिकीट काढलंय, दलालाने नव्हे तर स्वतः निवडलेल्या तीन सोसायट्यांत जाऊन वॉचमनकडे खरं भाडं विचारणार आहेत. येताना वाकडला डोकवा म्हटलंय. नहाणी ट्रॅपचं बघायचंय, परवा खालच्यांचा पुन्हा फोन आला होता.