एका नाकाले शंभर गोया

पौषातली थंडी आमच्या आर्वी तालुक्यात अंगात कमी आणि नाकात जास्त शिरते. यंदा ती माझ्या नाकात शिरली आणि भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी ठाण मांडून बसली. अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवली, पोरांना अनुनासिकं घोकून घेतली, आणि आता माझे स्वतःचेच 'म' आणि 'न' गेले. 'मला नको' म्हणायला गेलो की 'बला दको' निघायचं. बायको ओवा तव्यावर भाजून फडक्यात बांधून देई. गवती चहा झाला, हळदीचं दूध झालं, वाफेच्या गंजात डोकं घालून झालं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अजी, आता मेडिकलमधून गोयी आना. मले तुमची भाषा समजून नाई रायली."

नेमका त्याच सकाळी अमेरिकेहून भाच्याचा फोन आला. तो ओरेगनमध्ये पोर्टलंडला असतो. त्याचंही नाक बंद होतं.

"बाबाजी," तो म्हणाला. मामाजी म्हणायचं होतं त्याला.

"बोल," मी म्हणालो. एवढा एक शब्द दोघांनाही नीट येत होता.

(पुढची वाक्यं मी सरळच लिहितो. वाचणाऱ्याला सायनस व्हायला नको.)

त्याची कहाणी अशी. रविवारी संध्याकाळी तो सर्दीची गोळी घ्यायला दुकानात गेला. फळीवर गोळ्यांऐवजी नुसती कार्डं लावलेली. त्यातलं एक काढून आतल्या औषधाच्या काउंटरवर न्यायचं, मग गोळी मिळते. दुकान उघडं, पण ते काउंटर बंद झालेलं. दुसऱ्या दिवशी काउंटर उघडं सापडलं, तर बाई म्हणाली, लायसन दाखवा.

"गाडीचं?" मी विचारलं.

"हो, गाडीचंच."

"गोळी खाऊन झोप येते, गाडी चालवू नये म्हणून?"

"नाही हो मामाजी. मी त्या गोळीची नशा बनवत नाही ना, हे पाहायला."

लायसनची मुदत आठ दिवसांपूर्वी संपली होती. नवीन डाकेत होतं. गोळी मिळाली नाही.

मग त्यानं सविस्तर सांगितलं. त्या गोळीत स्युडोएफेड्रिन असतं. नाक मोकळं करायला त्याच्यासारखं दुसरं नाही, आणि नेमकं त्याच्यापासूनच मेथ नावाचं भयंकर व्यसन बनवता येतं. लोक गोळ्यांचे ढीग विकत घेऊन घराच्या मागच्या खोलीत भट्ट्या लावू लागले. म्हणून तिकडच्या संसदेनं 2005 चा कायदा केला, तो 2006 च्या सप्टेंबरअखेर पूर्ण लागू झाला. गोळी काउंटरच्या मागे, ओळखपत्र दाखवायचं, नाव-पत्ता-वेळ लिहून सही करायची, आणि ती नोंद दुकानदारानं दोन वर्षं जपायची. एका माणसाला दिवसाला 3.6 ग्रॅम, तीस दिवसांत 9 ग्रॅम. ओरेगन त्याच्याही पुढे गेलं. तिथं 2006 पासून डॉक्टरची चिठ्ठीच लागायची. ती अट 2022 उजाडताना सुटली.

"3.6 ग्रॅम?" बायको मागून म्हणाली. "गोयी घेते का अंगठी?"

मी हिशेब विचारला, मास्तरची खोड. 9 ग्रॅम म्हणजे साध्या 30 मिलिग्रॅमच्या साडेतीनशेच्या वर गोळ्या होतात म्हणे. म्हणजे कोटा काही कमी नव्हता. भाच्याचं नाक बंद होतं सर्दीनं, आणि तो फुगला होता अपमानानं. "दहा वर्षं टॅक्स भरतो मामाजी, आणि शिंकायला लायसन?" तो म्हणाला. "ते जाऊ द्या. पिंकी अमरावतीला लग्नाला आली आहे, परवा निघते. तिच्याजवळ आपली ती पिवळी गोळी पाठवा, आजी द्यायची ती. दहा पट्ट्या."

"सुदामाच्या गोया ना?" बायकोनं खात्री करून घेतली. स्युडोचा सुदामा तेव्हापासून झाला तो झाला.

तालुक्याचा मेडिकलवाला माझाच विद्यार्थी. सातवीत त्याला कॉपी करताना पकडून मी सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं. ते तो विसरला असेल अशी माझी समजूत होती.

"दहा पट्ट्या? म्हंजे शंभर गोया?" त्यानं चष्मा वर केला. "गुरुजी, एका नाकाले शंभर गोया?"

"दोन नाकं आहेत."

"दुसरं कुठी हाय?"

"अमेरिकेत."

दुकानातली चार गिऱ्हाइकं एकदम गप्प झाली. त्यानं आवाज खाली आणला. "म्हंजे माल बाहेर चालला म्हना ना."

त्याच्या सावधपणाला मी हसणार नाही. 2025 चा पावसाळा संपता संपता छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या विषारी सिरपनं गेली. कितीतरी जणांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. छिंदवाडा आम्हाला परदेश नाही, आमच्या गावच्या दोन मुली तिकडे दिलेल्या आहेत. तेव्हापासून सर्दी-खोकल्याचं काही मागितलं की त्याचा हात फळीजवळ थबकतो, आणि थबकावाच. पण तो काळजी करून थांबला नाही, त्यानं रजिस्टर काढलं.

हे एच-वनचं रजिस्टर. 2014 पासून टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या, जबर अँटिबायोटिक्स यांच्यासाठी ते ठेवावं लागतं. कोणत्या डॉक्टरनं लिहिलं, कोणी नेलं, किती नेलं, सगळं टिपायचं आणि तीन वर्षं सांभाळायचं. सर्दीची साधी गोळी त्यात येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं शेवटचं कोरं पान उघडलं, पट्टीनं रेघा मारल्या आणि वर लिहिलं, 'गुरुजी'.

"तसं लागत नाई. पन सोलापूरकडं 2016 मंधी ठाण्याच्या पोलिसायले टनानं इफेड्रिन सापडलं होतं, तुमी वाचलं नसन. याच गोयीच्या औषधाचा सख्खा भाऊ हाय तो. आपल्या जिवाले घोर नको. करा सही." आणि पेन माझ्या हातात देताना अगदी माझ्याच आवाजात म्हणाला, "शुद्ध अक्षरात."

विसरला नव्हता.

टनाचा माल कारखान्यातून निघतो. तो कोणी आर्वीच्या मेडिकलमधून पट्टी-पट्टीनं जमवत नाही, हे मी त्याला सांगणार होतो. पण नेमकी शिंक आली आणि ती रजिस्टरवरच पडली. दोन पट्ट्या मिळाल्या.

उरलेल्या आठांसाठी मी तालुका पालथा घातला. बसस्टँडसमोरच्या दुकानात दोन, दवाखान्याजवळ एक, भाजीबाजारात दोन. एका दुकानात मी स्वेटर काढून हातात घेतला होता, कारण आधीच्या दुकानातला पोरगा तिथं चहा पीत उभा होता. सदुसष्टाव्या वर्षी सर्दीच्या गोळीसाठी मी वेषांतर केलं. संध्याकाळी भाच्याला कळवलं तर तो हसू लागला. "मामाजी, दुकान-दुकान फिरून थोड्या थोड्या गोळ्या जमवणं याला इकडे स्मर्फिंग म्हणतात. ते निळ्या बुटक्यांचं कार्टून असतं ना, त्यांच्यावरून. भट्टीवाले अशीच माणसं पाठवतात. म्हणून दुकानं आता कॉम्प्युटरनं जोडून टाकली. हा गुन्हा आहे."

"मला आधी नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतके हुशार असाल असं वाटलं नव्हतं."

सही-अंगठ्याचं आम्हा खेड्यातल्यांना तसं काही नवल नाही. युरियाची 45 किलोची गोणी घ्यायची तर मशीनवर अंगठा. बायांच्या बोटांच्या रेषा कापूस वेचून वेचून इतक्या पुसल्या आहेत की मशीन त्यांना ओळखत नाही. एकदा आमच्या शेजारणीचे दहाही बोटं लावून झाले, शेवटी दुकानदार म्हणाला, काकू, घरून दुसरं कोणी पाठवा. युरियाला कडुनिंबाचा लेपसुद्धा 2015 पासून सक्तीचा आहे, का तर तो शेताऐवजी कारखान्यात जाऊ नये, दुधात जाऊ नये. म्हणजे चोर दुधात कालवतो आणि अंगठा काकू घासते.

गावात पोचायच्या आत बातमी पानठेल्यावर पोचली होती. तिथं माझ्या शंभर गोळ्यांच्या हजार झाल्या होत्या. एक पोट्टा मला पाहून उठून उभा राहिला. शाळेत असताना कधी उठला नव्हता.

रात्री साडेनऊला दारावर टकटक झाली. "गुरुजी, जागे हाय काय?"

आमचा वर्धा जिल्हा म्हणजे गांधीजींची कर्मभूमी. अर्ध्या शतकापासून दारूबंदी आहे, आणि तेवढ्याच काळापासून प्रत्येक नाल्याकाठी एक कलावंत आहे. आमच्या गावचा कलावंत दारात उभा होता. नाव लिहीत नाही, त्याला वाचता येतं. ओसरीत बसला, चहा नको म्हणाला, गमछा झटकून पुन्हा खांद्यावर टाकला.

"एक इचारू काय? रागावसान नोका."

"विचार."

"गोयीत परवडते काय?"

"काय परवडते?"

"तेच. तुमी सुरू केलं म्हनते. मोहापरस सोपं हाय काय?"

मी त्याला समजावून थकलो. ते त्यानं सगळं ऐकून घेतलं, जसा माणूस दुसऱ्याच्या धंद्यातलं गुपित मान ठेवून ऐकतो. मग स्वतःचं दुःख काढलं. "आमचं पाहा गुरुजी. काया गूळ दोन डाग मांगतला तर दुकानदार इचारते, बैल किती हायेत तुह्याकडं? नवसागर मांगाले गेलो तर म्हनते, कल्हई कराले लागला काय? मोहफुलावरचं बंधन सरकारनं 2021 मंधी उठवलं, वाटलं आता बरं होईन. तर बचत गटाच्या बाया मोहाचे लाडू कराले लागल्या! आमाले काय उरन? अन् पोलीस येते वॉश आऊटले, म्हंजे भट्ट्या मोडाले, दारूचा सडवा सारा नाल्यात. मंग मी पल्याडच्या नाल्यावर जातो."

मी त्याला अमेरिकेचं सांगितलं. भाच्यानं सांगितलेलं एक मला आत लागलं होतं. त्या घरगुती भट्ट्यांचे स्फोट व्हायचे, घरं पेटायची, आणि त्याच घरात लेकरं झोपलेली असायची. कायद्यानंतर तशा भट्ट्या खूप कमी झाल्या. ते चांगलंच झालं, मी लायसन दाखवीन त्यासाठी. पण व्यसन काही कमी झालं नाही. मोठे कारखाने मेक्सिकोत गेले, आणि तिथंही गोळीवर बंदी आल्यावर त्यांनी गोळीच सोडली, दुसरीच रसायनं धरली.

"म्हंजे पल्याडच्या नाल्यावर गेले," तो म्हणाला.

"हो."

"अन् नाकवाल्यायची रांग?"

"ती अजून तिथंच आहे."

तो बराच वेळ मान हलवत राहिला. जाताना म्हणाला, "त्यायले सांगा, काया गुयाच्या दुकानावर आमची म्हातारीबी तशीच उभी रायते. तिले सांजेच्या दिव्यापुढं गूळ ठेवाले लागते फक्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्ट्यांचा ढीग टेबलावर मांडून भाच्याला व्हिडिओवर दाखवला. सात झाल्या होत्या. बायकोनं त्या राखीच्या डब्यात ठेवायला काढल्या होत्या.

"मागची बाजू दाखवा," तो म्हणाला. मी भिंग घेऊन वाचू लागलो. पॅरासिटामॉल. क्लोरफेनिरामाइन. फेनिलेफ्रिन.

तिकडे शांतता.

"मामाजी, हे फेनिलेफ्रिन आहे."

"मग?"

"हे तर इकडे फळीवर उघडं पडलेलं असतं. कोणीही उचलावं. 2006 नंतर कंपन्यांनी त्या सुदामाच्या जागी हेच घातलं, कारण याची नशा बनत नाही."

"मग हेच का नाही घेतलंस?"

"कारण यानं नाकही उघडत नाही! 2023 मध्ये इथल्या औषध खात्याच्या तज्ज्ञांनी सगळ्यांनी मिळून सांगितलं, तोंडानं घेतलं तर हे बंद नाकाला काही करत नाही. 2024 मध्ये ते औषधांतून काढायचा प्रस्तावही आला."

म्हणजे मी वेषांतर करून, सही देऊन, गावात भट्टीवाला ठरून जे जमवलं, त्याची नशा तर होत नव्हतीच, नाकही उघडत नव्हतं. मी स्वतः दोन दिवस तीच गोळी खात होतो आणि मला बरं वाटत होतं. ते का, हेही भाच्यानं सांगून टाकलं. "क्लोरफेनिरामाइननं झोप येते मामाजी. तुम्ही झोपलात, म्हणून बायको-पोरांना बरं वाटलं."

पिंकी रिकाम्या बॅगेनं गेली. सात पट्ट्या राखीच्या डब्यात राहिल्या.

आठवडाभरानं पुन्हा रात्री टकटक. या वेळी कलावंताच्या अंगावर घोंगडी, डोळे लाल, नाक त्याहून लाल.

"गुरुजी, दाक बंद झालं. दोद गोया द्या दा."

मी आत गेलो. पट्टी काढली, आणि जुनी हजेरीची वही काढली. कोरं पान उघडून रेघा मारल्या. नाव लिहिलं, वार लिहिला, गोळ्या दोन. वही त्याच्यासमोर सरकवली.

"हे काय?"

"सही कर. आधार कार्ड आणलं काय?"

तो वहीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा वहीकडे.

"गुरुजी, पंचीस वर्सं झाले धंद्यात," तो म्हणाला. "आजपरेंत कुठी सही नाई केली."

आणि त्यानं अंगठा पुढे केला.