लॅपटॉप म्हातारा झालेला नाही

आज दुपारी साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका दुकानात मी फक्त दोन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल मागायला गेले होते आणि नव्या लॅपटॉपचे 52,000 रुपयांचे कोटेशन घेऊन घरी आले. केबल कशासाठी हवी, एवढे विचारून दुकानातल्या तरुणाने पुढचे ऐकलेच नाही. ‘मॅडम, नेट सारखे जाते म्हणजे वायफाय कार्ड गेले, आणि सहा वर्षांच्या मशिनमध्ये पैसे घालून उपयोग नाही,’ असा निकाल त्याने लॅपटॉपला हातही न लावता दिला. हात लावणार तरी कसा? लॅपटॉप घरी टेबलावर होता.

गेल्या महिन्याच्या 20 तारखेची रात्र तुमच्यापैकी काहींना मी सांगितली आहे. जीएसटीचे 3बी रिटर्न, म्हणजे महिन्याच्या कराचे विवरणपत्र, भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. माझे एक जुने पक्षकार, कंदी पेढ्यांचे दुकानदार, माझ्या समोरच्या खुर्चीत बसून होते, कारण ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो. आकडे जुळले, कर भरून झाला, ओटीपी आला, मी तो टाकला आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले. माझ्याकडे नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून लॅपटॉपला मिळते. ते गेले, आले, पुन्हा गेले. अकरा चाळीस वाजता पेढेवाले शांतपणे म्हणाले, ‘ताई, जाऊ द्या, दिवसाचे पन्नास रुपये दंड भरतो की मी.’ जीएसटी आल्यापासून, म्हणजे 2017 पासून, ज्या माणसाने एकदाही विलंब शुल्क भरलेले नाही, त्याने माझी समजूत काढावी, याची मला त्या क्षणी विलक्षण लाज वाटली. रिटर्न अकरा बावन्नला दाखल झाले, पण ती लाज गेली नाही.

त्यानंतरचे दिवस मी सल्ले ऐकण्यात घालवले. माचीत, अजिंक्यतारा किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी राहत असल्यामुळे ‘तुमच्याकडे रेंजच नसणार’ हे वाक्य मला पाठ झाले आहे. (डोक्यावर अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा आणि खाली आम्ही रेंजसाठी फोन उत्तरेच्या खिडकीत ठेवणार, हा विनोद माझ्या सासऱ्यांपासून चालत आला आहे.) कंपनीच्या ग्राहक सेवेने आधी फोन बंद करून चालू करायला लावला, मग सिम काढून पुसायला लावले आणि शेवटी नेटवर्क सेटिंग रीसेट करायला लावले, ज्यामुळे साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले गेले आणि दुरुस्ती मात्र काहीच झाली नाही. भाच्याने 5जी बंद करून फोन 4जीवर स्थिर ठेवायला सांगितले. जेमतेम पोहोचणाऱ्या रेंजमध्ये फोन दोन्हींच्या मध्ये हेलकावे खातो, हे त्याचे म्हणणे खरे होते आणि थोडा फरकही पडला, हे मान्य करते. पण बिघाड नेमका कुठे आहे, हे आधी पाहू या, असे एकानेही म्हटले नाही. घरातला दिवा लागला नाही तर आपण आधी बल्ब पाहतो, मग बटण, मग फ्यूज. इंटरनेटच्या बाबतीतच आपली ही साधी अक्कल कुठे जाते?

लॅपटॉपपासून फोनपर्यंतचा रस्ता वेगळा आहे आणि फोनपासून टॉवरपर्यंतचा वेगळा. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग लिहिले की डिफॉल्ट गेटवेपुढे जो आकडा दिसतो, तो हॉटस्पॉट देणाऱ्या फोनचा पत्ता असतो. पडद्यावरच्या एका खिडकीत त्याला आणि दुसऱ्या खिडकीत गूगलच्या 8.8.8.8 या पत्त्याला सतत पिंग लावून ठेवायचे, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारत राहायचे आणि उत्तर किती वेळात येते ते पाहायचे. फोन नीट उत्तर देतो आणि बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष फोनच्या पलीकडे आहे, मग खुशाल कंपनीशी भांडा. फोनच उत्तर देत नसेल, तर टॉवरला शिव्या देऊन काय उपयोग? बिघाड घरातच आहे. महिनाभर दोन्हीकडची उत्तरे व्यवस्थित येत होती आणि मला वाटू लागले की त्या रात्रीचा त्रास मी उगाच मोठा केला.

मग या महिन्याची 20 तारीख आली. दुपारीच फोनचे उत्तर 3 मिलिसेकंदांवरून 400 वर, 900 वर गेले आणि मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’च्या ओळींची रांग लागली. रांगेकडे बघत असतानाच टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप संपला, म्हणून मी बाहेरची हार्ड डिस्क काढली आणि आकडा 3 वर आला. डिस्क पुन्हा लावली आणि नवी कॉपी सुरू केली, 400. काढली, 3. असे मी तीनदा केले आणि एकटीच मोठ्याने हसले.

माझ्या डिस्कसारखे यूएसबी 3.0 चे उपकरण चालू असताना त्याच्या जोडणीतून आणि केबलमधून जो रेडिओ लहरींचा गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या, म्हणजे वायफायच्याच एका पट्ट्याच्या, आसपासही असतो, आणि माझा हॉटस्पॉट त्याच पट्ट्यावर होता. इंटेलने 2012 मध्येच हे लिहून ठेवले आहे. खिडकीतल्या फोनपासून वाड्याच्या दीड फुटी भिंतीतून येता येता आधीच क्षीण झालेला सिग्नल लॅपटॉपला चिकटून ठेवलेल्या डिस्कने बुडवला. बॅकअप मी रिटर्नच्याच दिवशी घेते, म्हणून नेट त्याच दिवशी जायचे आणि सगळे म्हणायचे, ‘आज पोर्टलवर गर्दी असणार.’ गर्दी असते, नाही असे नाही. पण माझ्या फोनने माझ्याच लॅपटॉपला उत्तर न देण्याशी त्या गर्दीचा काय संबंध?

जावळीच्या किंवा पाटणच्या खोऱ्यात जिथे खरोखरच टॉवर पोहोचत नाही, तिथे माझ्या या शहाणपणाचा काडीचा उपयोग नाही, हेही लिहून ठेवते. ग्राहक सेवेतल्या मुलीलाही समोरच्या कागदावर असेल तेच बोलावे लागते, तिच्यावर मी आवाज चढवायला नको होता. दुकानातल्या तरुणावरचा राग मात्र, हे लिहितानाही, उतरलेला नाही. हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर नेऊन पाहिला, पण तो पट्टा आमची भिंत ओलांडेना, म्हणून डिस्क टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेण्यासाठी मला केबल हवी होती. ती शेवटी पोवई नाक्यावर मिळाली.

पेढेवाल्यांना संध्याकाळी फोन करून सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग ताई, आता पुढच्या वीस तारखेला मी लवकर घरी जाणार का?’ 52,000 च्या कोटेशनची मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर मी पुढच्या महिन्याच्या पक्षकारांची यादी लिहायला घेतली आहे आणि पहिले नाव त्यांचे आहे.