काहीच केलं नाही

काल रात्री शेवभाजीच्या ताटावर मामांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं की भाच्यानं दिवसभर काहीच केलं नाही. पुरावा मीच दाखवला होता, हे जास्त झोंबतंय.

अमळनेर, मे महिना, कूलरसमोर लॅपटॉप. माझ्या स्क्रिप्टनं, म्हणजे मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामनं, एका फाइलीतला 30 बदलून 45 केला. फाइलींतले बदल टिपून ठेवणारा गिट नावाचा प्रोग्राम आहे, त्याला काय बदललं ते विचारायला गिट स्टेटस मारलं. 'नथिंग टू कमिट', नोंदवण्यासारखं काहीच नाही. फाइल उघडली, 45 आहे. पुन्हा विचारलं. नथिंग.

मागे मामा, हातात बशी.

"नथिंग म्हंजे काहीच नही ना?"

"हो मामा, पण..."

"मंग दिनभर काय करं?"

"बदल केलाय. त्याला दिसत नाहीये."

मामांनी बशीवर फुंकर मारली. "ते खोटं काब्र बोली? त्याले काय पगार से?"

मी फाइल दाखवली. चष्मा लावून त्यांनी 45 नीट वाचला. "हाई तं तू लिखं. ते कोठे मानस?" आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, "ऐकं का वं, काहीच करं नही म्हने!"

2005 साली लिनस टोरवाल्ड्सनं गिट बनवलं ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हजारो फाइलींसाठी. दरवेळी प्रत्येक फाइल उघडून वाचत बसलं तर संध्याकाळ होईल, म्हणून ते आधी नोंदवलेला आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ ताडून बघतं. जुळलं की पुढे. आमच्याकडे कापसाचा व्यापारीसुद्धा गाडीत कोपरापर्यंत हात घालतो. (घालून झाल्यावर भाव पाडतो तो पाडतोच. ते दुःख वेगळं.)

30 काय, 45 काय, अक्षरं दोनच, आकार तोच. आणि वेळ? स्क्रिप्ट जागच्या जागी आकडा बदलून फाइलीला जुनी वेळ परत चिकटवत होती. ही हुशारी माझीच. तरी सीटाइम नावाची आणखी एक वेळ असते, फाइलीला काहीही केलं की सिस्टिम ती आपणहून बदलते, गिट एरवी तीही बघतं. पण बॅकअपवाला प्रोग्राम ती सारखी हलवायचा, म्हणून ती बघायला लावणारं 'ट्रस्टसीटाइम' हे गिटचं सेटिंग कधीकाळी मीच बंद केलेलं. हे सापडेपर्यंत साडेतीन तास गेले, त्यात दोनदा लाइट.

फाइलीला टच केलं, म्हणजे त्या नावाची कमांड मारून तिची वेळ आत्ताची केली. लाल अक्षरांत 'मॉडिफाइड'! लॅपटॉप घेऊन ओट्यावर धावलो, तर मामा पारावर बातमी सांगायला गेलेले.

जेवताना सगळं समजावलं. मामा शांतपणे भाकरी कुस्करत होते.

"म्हंजे चूक तुन्हीच व्हती?"

"हो, पण..."

"मंग मशीन खरंच बोलनं."

खरं नव्हतं बोललं! फाइल बदलली होती. इथे लिहून ठेवतोय, कारण तिकडे तोवर ठेच्याची वाटी फिरायला लागली होती.