दगडाला बोट लावू नका

धुळे-जळगावकडे हळदीच्या रात्री अहिराणी गाणी वाजवणारी पोरे दारूच्या आणि मोबाइलच्या नादी लागून वाया चालली आहेत, ही तक्रार चाळीसगावहून येणाऱ्या आबांच्या प्रत्येक फोनमध्ये हल्ली असतेच. खरी कला ज्याच्यात आहे त्याला व्यसन शिवत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्यासाठी ते गावातल्याच केकी मूस यांचा दाखला देतात. मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याची बरीच वर्षे स्वतःला आपल्या बंगल्यात कोंडून घेतले आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून निसर्गदृश्यांचा भास निर्माण करणारी छायाचित्रे केली, हे खरेच आहे. पण त्यांच्याकडे लावून घ्यायला दार होते.

हळदीत बँजो वाजवणाऱ्याला ते कुठले? यजमान बिदागीसाठी घासाघीस करतो, बाटली मात्र न मागता पुढे करतो, आणि ती नाकारणाऱ्याला पुढच्या लगीनसराईत बोलावणे येईलच असे नाही. पाजणारे आणि नावे ठेवणारे बहुधा एकाच मांडवात बसलेले असतात.

मी स्वीडनमध्ये राहतो आणि नोकरी सांभाळून शिळाछापाची, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापायची, चित्रे करतो. इथे घरी न्यायला साडेतीन टक्क्यांहून कडक दारू बहुतेक सरकारी दुकानांतच मिळते आणि ही दुकाने रविवारी उघडत नाहीत. म्हणून इथली माणसे निर्व्यसनी आहेत, असे कोणी समजू नये. आमच्या कार्यशाळेतले निम्मे लोक वरच्या ओठाखाली स्नूस नावाची तंबाखू धरून काम करतात (ते पाहून मला गावची टपरीच आठवते), आणि युरोपीय संघात शिरताना, १९९५ साली, स्वीडनने तिच्यासाठी खास सवलत मिळवली. आपण २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पुडी कुठे गेली नाही.

मला सावरले ते कायद्याने नव्हे. पहिल्या हिवाळ्यात माझ्या संध्याकाळी फोनवर बोट फिरवण्यातच संपत. शिळाछापाचा दगड मात्र तेलकटपणा टिपून घेतो. त्यावर बोट टेकले तर त्या ठशावर शाई धरते आणि तो चित्रासोबत कागदावर उमटतो. माझे दोन छाप असे वाया गेल्यावर कार्यशाळेतल्या वडीलधाऱ्या बाईंनी माझा फोन कोटाच्या खिशात ठेवायला लावला आणि कोट बाहेरच्या खुंटीला. निग्रह माझा नव्हता, खुंटी त्यांची होती.

आबांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी बहिणाबाईंचे नाव काढले: त्यांच्याकडे कुठले दार होते? हा प्रश्न मला अडवतो. जात्याच्या खुंट्याने हात गुंतवले आणि ओवीला तोंड मोकळे ठेवले, एवढेच उत्तर मला सुचले, आणि तेही अपुरेच आहे.

वैशाखात पुतणीचे लग्न आहे. वाजवणाऱ्यांना पूर्ण बिदागी आगाऊ द्या आणि बाटलीऐवजी चहा ठेवा, असे मी आबांना सुचवले. बिदागीला ते तयार झाले. चहाबद्दल मात्र म्हणाले, "व्याही काय म्हणतील?"