बंब बाहेर कसा पडणार, ते आधी ठरवा

आमच्या भागातलं अग्निशमन केंद्र पाडून नवीन बांधायचं घाटतंय. परवा आराखडा पाहायला मिळाला. वर उंच टॉवर, आणि तळमजल्यावर एका कोपऱ्यात केंद्र. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी त्या केंद्राच्या वरच्या क्वार्टर्समध्ये वाढले. बाबा फायरमन म्हणून लागले आणि लीडिंग फायरमन होऊन निवृत्त झाले. रात्री खाली घंटा वाजली की आई गॅलरीत येऊन उभी राहायची. बुटांची धावपळ, इंजिनाची घरघर, मग गाडी वळणापलीकडे गेल्यावर सगळं शांत. बाबा परत येईपर्यंत ती आत यायची नाही.

इमारत थकली आहे, यात वाद नाही. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात, होज, म्हणजे पाण्याचे लांब पाइप, सुकवायच्या टॉवरला तडे गेलेत. नवी गाडी उंच आहे, जुन्या दारातून आत जातच नाही, ती वर्षभर उन्हापावसात उभी असते. नवं केंद्र हवंच. प्रश्न आहे तो कशापासून सुरुवात करायची याचा. आराखडा वरच्या मजल्यांपासून सुरू झालाय. तो गेटपासून सुरू व्हायला हवा.

आराखड्यात टॉवरमधल्या रहिवाशांच्या गाड्या आणि बंब यांना एकच गेट आहे. सकाळी साडेनऊला, शाळेच्या बस आणि ऑफिसला निघालेल्या गाड्यांच्या रांगेत, आगीची वर्दी आली तर? शहरी भागात पहिली गाडी ३ ते ५ मिनिटांत पोचावी, अशी अपेक्षा आपल्याकडच्या अग्निशमन सल्लागार समितीनेच ठेवली आहे. त्यातलं एक मिनिट आपल्याच गेटवर घालवायचं का? आणि त्याच टॉवरला आग लागली तर खालचं केंद्र वर्दीला जाणार की स्वतः रिकामं होणार, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

भूकंपाचंही तसंच. भूकंपाचा विचार करून इमारती आखायच्या भारतीय मानकात (आयएस १८९३) अग्निशमन केंद्राला इस्पितळाच्या पंगतीत बसवलंय. साध्या इमारतीला महत्त्व गुणांक १, तर केंद्राला १.५, म्हणजे दीडपट बल धरून आखणी. कारण उघड आहे. हादऱ्यानंतर दाराची चौकट वाकली तर बंब आतच अडकतो. केंद्र टॉवरच्या पोटात घातलं तर तो अख्खा टॉवर त्या हिशेबाने बांधणार आहात का? तसा बांधला तरी वरून फुटून पडणाऱ्या काचा पडणार त्या गेटसमोरच. म्हणून माझं म्हणणं साधं आहे: केंद्राची इमारत वेगळी, बुटकी आणि स्वतंत्र गेटची असावी. टॉवर बांधायचाच असेल तर भूखंडाच्या मागच्या बाजूला.

जोत्याची उंची ठरवताना २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. जिथून मदत निघायची तिथेच पाणी शिरून चालत नाही. पण जोतं उंच केलं आणि उतार तीव्र ठेवला, तर भरलेला टँकर उतरताना जड जाणार. बारा हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच बारा टन.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. बाबा आगीवरून आले की अंगाला, कपड्यांना जळक्या प्लास्टिकचा वास असायचा. आई ते कपडे आमच्याच बादलीत, आमच्याच फ्रॉकांबरोबर भिजवायची. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचं कामच कर्करोगकारक म्हणून नोंदवलं. डिझेलचा धूर तर त्याच यादीत २०१२ पासून आहे. म्हणजे गाड्यांच्या खोलीतला धूर वर झोपायच्या खोलीत जाता कामा नये. आगीवरून आलेले कपडे आणि श्वसनसंच धुवायला वेगळी खोली हवी, आणि तिथून अंघोळ करूनच पुढे जाता यावं. आराखड्यात मला हे कुठेच दिसलं नाही. महिला अग्निशामकांसाठी वेगळी विश्रांतीची खोली आणि स्वच्छतागृहही दिसलं नाही. हे नंतर बघू म्हणायचं काम नाही, भिंती उभ्या राहिल्यावर जागा सापडत नाही.

क्वार्टर्स जवळच हवेत. मोठी वर्दी आली की सुटीवरची माणसंही जिना उतरून हजर व्हायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती माणसं दोन तासांच्या लोकल प्रवासावर राहायला गेली तर कशी येणार?

आणि बांधकाम चालेल त्या वर्षांत बंब कुठे उभा राहणार? शेजारच्या केंद्रातून येईल, असं उत्तर मिळालं. मधल्या पुलावर संध्याकाळी काय होतं ते आपण सगळे जाणतो. जवळच्या मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, वर्दी घ्यायची खोली (वॉच रूम) आणि सहा-सात माणसांची सोय उभी राहिल्याशिवाय जुन्या भिंतीला हातोडा लागू नये.

हे सगळं मी हरकत म्हणून लेखी देते आहे. मागच्या चाळींत राहणाऱ्यांनी एक मदत करा. आपापल्या गल्लीची रुंदी टेपने मोजून, तोंडाशी उभ्या असलेल्या गाड्यांचा फोटो काढून मला पाठवा. तिथे मोठा बंब शिरत नाही हे बाबांना तोंडपाठ होतं. नव्या केंद्रात छोट्या बंबाची जागा मागायची तर मला ते कागदावर हवं आहे.