तोंडात दोरा धरायला लावणारी आजी अडाणी नव्हती : एका कमेंटला उत्तर

मागच्या आठवड्यात कपड्यांच्या जुन्या रूढींवर लेख टाकला होता, म्हणजे अंगावर असताना कपडा शिवायचा नाही आणि शिवलाच तर तोंडात दोरा धरायचा, बाळाला बारशापर्यंत नवं कापड घालायचं नाही, संक्रांतीला काळं नेसायचं, नवरात्रीचे रंग वगैरे. त्यावर एका वाचकाची भलीमोठी कमेंट आलीय. नाव दिलेलं नाही त्यामुळे दादा म्हणू की ताई कळत नाही, म्हणून नुसतं 'तुम्ही' म्हणते.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचं म्हणणं असं की मी अंधश्रद्धेला संस्कृतीचं वेष्टन गुंडाळून विकतेय. संक्रांतीचा काळा रंग उष्णता धरतो हे कारण मागाहून चिकटवलेलं आहे. नवरात्रीचे नऊ रंग ही परंपराच नाही, पेपरवाल्यांनी काढलेलं खूळ आहे. विधवांना नेसवलेल्या अलवणाबद्दल, म्हणजे त्या तांबड्या लुगड्याबद्दल, मी एक अक्षर लिहिलं नाही. आणि शेवटी हे वाक्य: 'दाभोलकरांच्या महाराष्ट्रात राहून, शिकलेली बाई असून, आपली आजी अडाणी होती हे मान्य करायला तुम्हाला एवढं जड का जातं?'

बाकीचं बाजूला ठेवा, या शेवटच्या वाक्यावर मला बोलायचंय.

आधी टोनबद्दल. मतभेद असू शकतात, मी कधीच नाही म्हणत नाही, माझ्या लेखांखाली लोक भांडतात आणि मी सगळ्यांना उत्तरं देते. पण ज्या बाईला तुम्ही कधी पाहिलं नाही, जी आता उत्तर द्यायला नाही, तिला कुठल्याशा आयडीमागे बसून अडाणी म्हणायचं, यात विवेक कुठला? 'शिकलेली बाई असून' हे तर मला कळलंच नाही. शिकलेला बुवा असता तर चाललं असतं का?

आता आजी. आजीला वाचता येत नव्हतं, अंगठा उठवायची, हे मी लेखातच लिहिलेलं आहे, तुम्ही काही शोध लावलेला नाही. आमचं बार्शीला शिंपीकामाचं दुकान, म्हणजे पुढच्या खोलीत दुकान आणि मागे घर. वडील मशीनवर, आई काजं-बटणं आणि हातशिलाई करायची, आणि आजी दारात बसून बायकांच्या चोळ्या बेतायची. टेप नाही, कागद नाही. समोरच्या बाईकडे एकदा बघायची, वितीने मोजायची आणि गुळेदगुडच्या खणाला कात्री लावायची. खणाचा काठ दंडावर बरोबर बसला पाहिजे आणि कापडाची चिंधीसुद्धा वाया जाता कामा नये, हे हिशोब ती डोक्यात करायची. आज फॅशन डिझायनिंग केलेल्या मुलींना खणाची चोळी बेतायला सांगा, कितीजणींना जमेल ते बघा. ही बाई अडाणी? वाचता न येणं आणि अक्कल नसणं यात तुम्हाला फरक दिसत नसेल तर मग पुढे बोलण्यात फारसा अर्थ नाही, तरी बोलते.

तोंडातल्या दोऱ्याचं. तुम्ही विचारलंय, दोरा तोंडात धरल्याने नेमकं काय होतं ते एकदा सांगाच. सांगते. शाळेत निघालेल्या पोराच्या शर्टाचं बटण तुटलंय, शर्ट काढायला वेळ नाही, रिक्षावाले काका हॉर्न मारतायत. तुम्ही सुई घेऊन त्याच्या गळ्यापाशी टाका घालताय आणि पोरगं बोलतंय, हलतंय, मान वळवतंय. त्याच्या दातात दोऱ्याचा तुकडा द्या आणि सांगा पडू द्यायचा नाही. गप्प उभं राहतं. एवढंच होतं. आजी म्हणायची अंगावर शिवलं की दारिद्र्य येतं, हे खरं, ती असं म्हणायची आणि मी ते लेखात लपवलं नाही. पण दारिद्र्य म्हणजे काय हे तिला तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि ती ते म्हणता म्हणता सुई सांभाळत होती. माझ्या मुलांच्या अंगावर मी असेच टाके घातलेत, दोरा देऊनच. माझ्या मुलांना दारिद्र्याची भीती वाटत नाही, त्यांना फक्त आठवतं की पणजी असं करायची.

आणि बाळाच्या झबल्याचं तुम्ही जे लिहिलंय ना, 'नवजात बाळाला कुणाच्या तरी वापरलेल्या चिंध्या घालायच्या, वर त्याचं कौतुक', ते वाचून खरंच राग आला. चिंध्या नव्हेत त्या. आजीचं जुनं इरकल लुगडं, वर्षानुवर्षं धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. त्याचं झबलं, टोपडं, दुपटं व्हायचं आणि उरलेल्याची वाकळ. नव्या कापडाला खळ असते, ते कडक असतं, टोचतं, हे शिंप्याच्या घरात पाळण्यातल्या पोराला पण माहीत असतं. बारशाला आत्या-मावशीकडून नवे कपडे यायचे, तोवर बाळ जुन्यात. सटवी, दृष्ट, नवं कापड लाभत नाही असं सगळं त्याच्याशी जोडलेलं होतं, मान्य. पण तुमच्या घरी बाळ झालं तेव्हा तुम्ही नवीन आणलेले कपडे आधी धुऊन घेतले असतील ना? डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घेतले असतील. आमच्याकडे आजीने सांगितलं. तिने सांगितलं म्हणून ते भाकडकथा होतं?

दाभोलकरांचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्या दिवशी मी रडले होते, हे मला कुणाला सिद्ध करून दाखवायची गरज नाही. त्यांच्यानंतर आलेला जादूटोणाविरोधी कायदा मी वाचलाय. त्याच्या अनुसूचीत १२ गोष्टी आहेत: भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चमत्काराचे दावे करून फसवणूक, नरबळी, करणीच्या संशयावरून कुणाचा छळ, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, असल्या. एकेक वाचलं तर अंगावर काटा येतो. त्यात दातात दोरा कुठे बसतो तेवढं दाखवा. कुणाचा पैसा लुबाडला? कुणाला मारलं? कुणाचा इलाज थांबवला? अंधश्रद्धा म्हणायच्या आधी हे प्रश्न विचारायचे असतात असं मला वाटतं आणि मी त्यावर ठाम आहे. माणसाला भीती घालून त्याच्याकडून काही उकळलं जातंय का, एवढं बघा. नसेल तर घरातली एखादी सवय राहू द्या.

आणि मी डोळे झाकून सगळं मानते असं जे तुम्ही गृहीत धरलंय, ते कशाच्या जोरावर? २०२५ च्या संक्रांतीच्या आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज फिरत होता, तुम्हालाही आला असेल, की यंदा संक्रांत वाघावर बसून पिवळं नेसून आलीय म्हणून बायकांनी पिवळं नेसू नये, नवऱ्यावर संकट येतं. दोघीतिघींनी हळदीकुंकवाला काढून ठेवलेल्या पिवळ्या साड्या परत कपाटात टाकल्या. ग्रुपवर उत्तर कुणी लिहिलं? मी लिहिलं. संक्रांतीचं वाहन आणि वस्त्र पंचांगात करणावरून ठरतं. करण म्हणजे अर्धी तिथी, एकूण ११ करणं आहेत, सूर्य मकर राशीत जातो त्या क्षणी जे करण चालू असेल त्याप्रमाणे वर्णन येतं. १३ जानेवारीला पौर्णिमा होती, १४ ला सकाळी सूर्य मकरेत गेला तेव्हा प्रतिपदेचा पहिला अर्धा भाग चालू होता, म्हणजे बालव करण, आणि बालव म्हटलं की वाघ, घोडा आणि पिवळं वस्त्र आलंच. बव असतं तर सिंहावर बसून पांढरं नेसून आली असती. यात कुणाच्या नवऱ्याचा काय संबंध? हे सगळं मी तिथे लिहिलं, एका काकूंनी माझ्याशी बोलणं टाकलं, तरी मी त्या दिवशी मुद्दाम पिवळी साडी नेसून हळदीकुंकवाला गेले. तेव्हा मला विवेक शिकवायच्या आधी थोडी चौकशी करा.

हाच माझा मुद्दा आहे खरं तर. पिवळं नेसाल तर नवरा मरेल, ही धमकी आहे, ती कालपरवा कुणीतरी मोबाईलवर टाईप केलेली आहे आणि ती खोडून काढलीच पाहिजे. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने, बाळाला काळं झबलं घालून बोरन्हाण, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि पोरांनी लुटायचे, यात धमकी कुठेय? एरवी शुभकार्याला काळं चालत नाही, लग्नाच्या बस्त्यात काळी साडी कुणी धरणार नाही, आणि तरी त्याच बाईच्या गळ्यात मंगळसूत्राचे मणी काळे, बाळाच्या गालावर तीट काळी, आणि वर्षातून एक सण पुरता काळ्याचा. मला हे सुंदर वाटतं. उष्णतेचं कारण तुम्हाला पटत नाही, मग डिसेंबरभर काळं का नाही घालत असं विचारलंय, बरं, नका मानू, त्यावर मी वाद घालत बसणार नाही. लेखात ते एका ओळीत आलं होतं.

नवरात्रीच्या रंगांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. सोमवार पांढरा, मंगळवार लाल असे वार बघून लावलेले रंग आहेत ते, आणि मराठी पेपरांनी या शतकाच्या सुरुवातीला ते घरोघरी पोचवले, आमच्या लहानपणी नव्हते. मी 'परंपरेने चालत आलेले' असं लिहिलं होतं ते काढून टाकलंय. चुकलेलं सांगितलं तर मी बदलते, हे बाकीच्या वाचकांना माहीत आहे. लोकलमध्ये एका रंगातल्या सगळ्या बायका बघून मला आजही छान वाटतं, ती गोष्ट वेगळी.

अलवणाचं. तो विषय फार मोठा आहे आणि माझा लेख त्यावर नव्हता, इतकंच. केशवपन आणि तांबडं अलवण ही पद्धत मुख्यतः ब्राह्मण घरांतली, आमच्यात ती नव्हती, आजी विधवा झाल्यावरही शेवटपर्यंत रंगीत इरकलच नेसायची. हळदीकुंकवाला ती पुढे यायची नाही हे खरं आहे, आतल्या खोलीतून तिळगूळ पाठवायची. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला तेव्हा त्याची बातमी मी स्वतः सगळीकडे शेअर केली होती, अभिमानाने. त्यामुळे 'एक अक्षर लिहिलं नाही' म्हणून माझ्यावर शिक्का मारू नका. प्रत्येक लेखात प्रत्येक अन्यायाची यादी जोडायची असा काही नियम आहे का? गोधडीवर लिहिलं तर अलवण का नाही, अलवणावर लिहिलं तर गिरणी कामगार का नाहीत. असं असेल तर कुणी लिहायचंच नाही.

वडिलांची एक गोष्ट सांगते, कारण तुमच्यासारख्या लोकांना वाटतं की या रूढी अडाणी माणसंच पाळतात. अमावस्येला नव्या कापडाला कात्री लावायची नाही हे आमच्या दुकानात पाळलं जायचं. वडील स्वतः मानायचे नाहीत, आमचे स्वतःचे कपडे ते अमावस्येलाच बेतायचे कारण त्या दिवशी काम कमी. पण गिऱ्हाईक, त्यात मास्तर, वकील, बँकेतले साहेब सगळे आले, लग्नाचा बस्ता घेऊन यायचे आणि हळूच सांगायचे, अमावस्येला कापू नका बरं का. वडील 'बरं' म्हणायचे आणि खरोखर कापायचे नाहीत. कुणी बघायला येणार नव्हतं, तरी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, कापड त्यांचं, पोरगी त्यांची, माझं काय जातं एक दिवस थांबायला. दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार, कात्री आणि टेपला हळदकुंकू, तो दिवस मशीन बंद. रिकामी कात्री वाजवली की आई हातावर चापट मारायची, घरात भांडणं होतात म्हणून. या घरात मी वाढले आणि याच घरातल्या पैशावर एम.एस्सी. केलं. तेव्हा तुमच्या 'शिकलेली बाई असून' ला माझं उत्तर असं की हो, शिकलेली आहे, आणि मला शिकवलं कुणी तर काजं करून करून बोटं सुजलेल्या आईने आणि दारात बसून चोळ्या बेतणाऱ्या आजीने, जिला तुम्ही दोन ओळीत निकालात काढलंत.

तुम्ही पुढे आणखी चारपाच मुद्दे लिहिलेत, शनिवारी नवे कपडे, रात्री बाहेर वाळत घातलेली लंगोटं, बोहारणीला जुनी साडी देताना काठाचा दोरा काढून ठेवणं, त्या प्रत्येकावर लिहायला वेळ नाही आणि लिहिण्याच्या योग्यतेचं त्यात काही दिसलंही नाही.

तुमची कमेंट उडवत नाहीये, काहींनी मेसेज करून उडवा म्हटलं तरी. नवरात्रीची ओळ बदललीय, बाकी लेख आहे तसाच राहील, दोऱ्याच्या परिच्छेदासकट. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, पण नावानिशी द्या, आणि बोलायचं ते माझ्याशी बोला. आजीला त्यात ओढलंत तर पुढची कमेंट मी पब्लिश करणार नाही.