‘गॅलनला एक इंच मासा’ हा हिशेब रीफ टाकीसाठी नाही

‘एका गॅलनला एक इंच मासा’ हे सूत्र रीफ टाकीलाही, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीलाही, लागू पडतं, असा संदेश फिरतो आहे. ते चूक आहे. हा ठोकताळा गोड्या पाण्यातल्या लहान माशांचा. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, मग इंच मोजून काय कळणार? या हिशेबाने १९० लिटरच्या (सुमारे ५० गॅलन) टाकीत चार ब्लू टँग हे निळे समुद्री मासे बसतात! प्रत्यक्षात फूटभर वाढणाऱ्या त्या माशाला एकट्यालाही ती जागा अपुरी पडते. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायू सुमारे पाचव्या हिश्शाने कमी विरघळतो, खडकही जागा खातात. कृपया माशाची पूर्ण वाढ आणि स्वभाव पाहा, आठवड्यांच्या अंतराने एकेक सोडा, माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारं नायट्रेट तपासत राहा.